टपालकाकांनी न नेलेला निरोप

छत्र्यांच्या त्या कारखान्यात दोन शेड होत्या आणि मधे अंगण. डावीकडच्या शेडमध्ये लोखंडाचं काम चाले: दांडे कापायचे, काड्या वाकवायच्या, चाप बसवायचे, सांगाडा चारदा उघडमीट करून बघायचा. उजवीकडे कापडाचं काम: तिकोनी कळ्या कापायच्या, जोडायच्या, सांगाड्यावर ताणून टोकांना टाके घालायचे. आणि या दोहोंच्या मधे, फरशा उखडलेल्या अंगणातून, खडखड करत जाणारी एक हातगाडी आणि ती ढकलणारे टपालकाका. तयार सांगाडे डावीकडून उजवीकडे, बिघडलेले सांगाडे उजवीकडून डावीकडे. पगार त्यांना याचाच मिळे. पण गाडी काय, कोणीही ढकलली असती. काकांचं खरं काम वेगळंच होतं, आणि त्याचा पगार त्यांना कोणी कधी दिला नाही.

ते काम म्हणजे निरोप पोचवणं. लोखंडाच्या शेडचे प्रमुख मिस्त्री आणि कापडाच्या शेडच्या प्रमुख बाई यांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. आता दोन शेडच्या दोन प्रमुखांचं पटत नाही यात नवल काही नाही, पण हे दोघं सख्खे भाऊ-बहीण. एकाच आईच्या हाताखाली दोघं छत्री शिकलेले. पूर्वी कधीतरी लहान मुलांच्या छत्र्यांचा एक मोठा माल परत आला होता. पहिल्यांदा उघडताच कापड टोकांशी फाटत होतं. मिस्त्री म्हणाले, कापड जास्त ताणलं. बाई म्हणाल्या, काड्यांची टोकं घासलीच नव्हती. हे घरात म्हणाले असते तर संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. ते मालकांसमोर म्हणाले, दोन्ही शेडच्या माणसांच्या देखत, आणि एकमेकांची लाज काढत म्हणाले. त्या दिवसापासून जो छत्तीसचा आकडा झाला तो झालाच. प्रमुख बोलत नाहीत म्हटल्यावर हाताखालचे कशाला बोलतील? सांगाडेवाले सांगाडेवाल्यांत जेवत, कापडवाल्या कापडवाल्यांत. काम मात्र असं की एकमेकांवाचून एक छत्री पुरी होत नाही.

म्हणून काका. टपाल हे नावही त्यांना त्यावरूनच पडलं होतं.

निरोप पोचवायची त्यांची एक पद्धत होती. मिस्त्री गाडीत सांगाडे रचता रचता म्हणत, "त्या बयेला सांगा, डोळे फुटले असतील तर चष्मा घे. चाप ठीक आहे, तुलाच उघडता येत नाही." काका गाडी ढकलत अंगण ओलांडत, आणि पलीकडे पोचेपर्यंत तोच निरोप असा होई: "मिस्त्री म्हणतात, चाप जरा नवा आहे, अंगठ्यानं दाबून बघा बरं." बाई फणकारून म्हणत, "आला मोठा शिकवणारा! म्हणावं, माझ्या अंगठ्याची काळजी तू नको करू." तेच अंगणातून परत जाताना होई: "बाई म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत." ध चा मा करून घरं जाळणारे पुष्कळ असतात. काका मा चा ध करत. बारा हातांच्या त्या अंगणात ते जेवढी साखर पेरत तेवढी मालकांच्या घरच्या डब्यात नसेल.

आणि हळूहळू हात सैल सुटत गेला. मिस्त्री तापानं पडले तेव्हा काकांनी बाईंच्या नावानं त्यांची विचारपूस केली. बाईंना त्याचा पत्ताही नव्हता. बाईंनी एक अवघड ऑर्डर वेळेत पुरी केली तेव्हा काका त्यांना म्हणाले, "मिस्त्री म्हणत होते, हिच्या हाताला आईचंच वळण आहे." मिस्त्री असं काहीएक म्हणाले नव्हते. बाईंनी त्या दुपारी एकाही सांगाड्यात खोट काढली नाही. खोटं ते खोटंच, पण मला काकांचा राग येत नाही. भांडणाऱ्यांच्या मधे उभं राहून दोघांचंही खरं खरं पोचवणारा माणूस फार वेळ उभा राहत नाही.

शिवाय काकांकडे दुसरं होतं काय? मुलगा लांबच्या शहरात, रविवारी फोन करणारा. बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती, कारखाना वर्षातून एकदा आठवडाभर बंद असतो त्या सुट्टीत. साधा ताप म्हणून दुर्लक्ष झालं आणि हां हां म्हणता सगळं संपलं. सुट्टी संपली, काका कामावर आले. गेटातून आत पाऊल टाकलं तोच इकडून मिस्त्रींनी आठवडाभर साठवलेलं सगळं त्यांच्यावर ओतलं, तिकडून बाईंनी. काका ऐकत राहिले. दुपारी सांगू म्हणाले, दुपारी जमलं नाही. उद्या सांगू म्हणाले. मग इतके दिवस झाले की आता सांगितलं तर "तेव्हा का नाही सांगितलं" हे आधी सांगावं लागलं असतं. ते राहून गेलं ते गेलंच. राहायलाही ते बसनं तासभर लांब. बातमी आपोआप पोचण्यासारखी नव्हती. घरी गेले की भिंती, आणि कामावर आले की दोन्ही हातांनी ओढणारी माणसं. त्या अंगणानंच त्यांना उभं ठेवलं होतं.

याच सुमारास मालकांची सून शिकून परत आली. माणसांची जाळी अभ्यासायची, असं काहीतरी तिचं शिक्षण होतं. मालकांना ते कळलं नव्हतं, पण सून हुशार आहे एवढं कळलं होतं. त्यांनी तिला कारखाना मोकळा करून दिला. ती आठवडाभर दोन्ही शेडमध्ये स्टूल घेऊन बसली आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारत राहिली: कामाचं कोणाशी बोलता? आणि घरची अडचण कोणाला सांगता?

मग तिनं एक मोठा कागद ऑफिसच्या भिंतीवर लावला. सगळे बघायला लोटले. कागदावर नुसते ठिपके आणि रेघा.

"एक माणूस म्हणजे एक ठिपका," सूनबाई म्हणाली. "कामाचं बोलणं म्हणजे रेघ."

मुठी लावणारी एक गप्पिष्ट बाई कापडाच्या शेडमध्ये होती; तिला सगळे रेडिओ म्हणत. तिनं आपला ठिपका शोधला आणि रेघा मोजून टाळी वाजवली. "बघा! सगळ्यांत जास्त माझ्या! मीच राणी!"

"रेघा तुमच्याच जास्त आहेत, ताई," सूनबाई हसून म्हणाली. "पण सगळ्या एकाच घोळक्यात. त्या घोळक्यातल्या बाकीच्याही एकमेकींशी बोलतातच. तुम्ही उद्या तोंड मिटलंत..."

"मिटतेय कशाची!" कोणीतरी म्हणालं.

"...तरी बातमी दुसऱ्या वाटेनं पोचेल. आता हा ठिपका बघा." तिनं बोट ठेवलं. डावीकडे रेघांचा एक दाट गुंता, उजवीकडे एक दाट गुंता, आणि मधे मोकळ्या कागदावर एकटाच ठिपका, त्याला जेमतेम पाच-सहा रेघा. "याच्या रेघा थोड्या आहेत. पण इकडून तिकडे जायला दुसरी वाटच नाही. हा पुसला की चित्राचे दोन तुकडे."

तो ठिपका कोणाचा हे सांगायची गरज नव्हती. सगळ्यांनी मागे वळून काकांकडे पाहिलं. काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या दिवशी गाडी त्यांनी अशी ढकलली, जणू सांगाडे नाहीत, सोनं भरलंय.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सुतळीची गुंडी पोचवायला गेले तर सूनबाई टेबलावर दुसऱ्या कागदाशी बसली होती. हा तिनं भिंतीवर लावला नव्हता. यात रेघांना बाण होते. घरची अडचण कोण कोणाला सांगतं त्याचे.

"माझा कुठला?" काकांनी उत्साहानं विचारलं.

सूनबाईनं तो दाखवला. दोन्ही शेडमधून कितीतरी बाण काकांच्या ठिपक्याकडे आले होते. रेडिओचाही आला होता. पण त्यांच्याकडून निघालेला बाण एकही नव्हता.

"तुम्ही कोणाचं नावच नाही घेतलंत, काका. मी दोनदा विचारलं."

"मला कसल्या आल्यात अडचणी!" काका हसले. ते हसणं त्यांचं त्यांनाच पटलं नाही. विषय बदलायला ते म्हणाले, "ते कालचं चित्र झकास होतं. म्हणजे मी पूल."

"पूल म्हणा, फळी म्हणा," सूनबाई म्हणाली. ती मुलगी मनात एक नि ओठांवर एक अशातली नव्हती. "मधे खड्डा आहे आणि तुम्ही त्यावर टाकलेली फळी. सगळे तुमच्यावरून जातात. एकच आहे, काका. फळी असली की खड्डा बुजवायचं कोणाच्या मनात येत नाही."

"म्हणजे फळी काढायची?"

"मी कुठं तसं म्हटलं? काढली तर कोणी पडेलही. मला एवढंच दिसतं, ते सांगितलं."

काका बाहेर आले ते तिच्यावर चिडूनच. चार बुकं शिकून आलेली पोर, तिला काय कळतंय भाऊबहिणीतलं! पण बोलणं कुसळासारखं असतं. टोचलं की बघितल्याशिवाय राहवत नाही.

पुढच्याच आठवड्यात बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. बाईंनी काकांना बाजूला घेतलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढा होता, पण नजर खाली, हातातल्या कापडावर.

"त्याला सांगा, भाचीचं लग्न आहे. यायचं असेल तर ये. नसेल यायचं तर नको येऊस. माझं काही अडलेलं नाही."

"सांगतो," काका म्हणाले, आणि गाडी घेऊन निघाले.

अंगणाच्या अर्ध्यात येईपर्यंत निरोप तयार झाला होता. "बाई म्हणाल्या, दादाशिवाय मांडवात मला करमायचं नाही." फक्कड! मिस्त्री विरघळणार. मग ते म्हणणार, "बघू, वेळ मिळाला तर," आणि त्याचं काका करणार, "मिस्त्री म्हणतात, भाची माझीच आहे, पहिला मी हजर." मग लग्नाच्या दिवशी भाऊ एका टोकाला बसेल, बहीण दुसऱ्या टोकाला, आणि मधून काका जेवणाच्या पंगतीतून इकडून तिकडे धावतील. दोघांचीही समजूत, की दुसरा आपल्याशी गोड वागतो आहे. मग आपण होऊन पाऊल टाकायची घाई कोणाला?

काका गाडी धरून उभे राहिले. त्यांना बायको आठवली. तिच्याशी बोलायच्या कितीतरी गोष्टी त्यांनी अशाच सावकाश ठेवल्या होत्या. रविवारी बोलू, सुट्टीत बोलू. या दोघांना अजून वेळ आहे, असं त्यांना वाटलं, आणि त्याच श्वासात हेही कळलं की हे दोघं बोलायला लागले तर आपल्याला कोणी विचारणार नाही. घरच्या भिंती होत्याच. आता इथंही तेच होणार.

ते बराच वेळ तसेच उभे होते. रेडिओनं खिडकीतून ओरडून विचारलंही, "काय हो टपाल, चाक निखळलं की काय?"

मग त्यांनी गाडी वळवली आणि परत कापडाच्या शेडमध्ये आले.

"बाई, हा निरोप मी नेणार नाही."

"का? काय झालं?"

"तुमचं तुम्ही सांगा. भाऊ आहे तुमचा. अंगण ओलांडायचं तेवढं."

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मला शहाणपण शिकवता? नका नेऊ! कोणाचं अडत नाही!" दुपारी मिस्त्रींनीही काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर काकांनी त्यांनाही तेच सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "भिंतीवर चित्र लागलं तर डोक्यात हवा गेली होय तुमच्या?"

दोन दिवस दोन्ही शेड काकांवर धुमसत होत्या. बिघडलेले सांगाडे नुसते परत येत होते. काय बिघडलंय ते सांगणारं कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाईंचा संयम संपला. एक वाकडी काडी हातात धरून त्या शेडच्या बाहेर आल्या, पदर खोचला आणि अंगण ओलांडून सरळ लोखंडाच्या शेडमध्ये शिरल्या. यंत्रं बंद पडली. माणसं बंद पडली.

"ही काडी आहे की विळा?" बाई म्हणाल्या. आणि मग, त्याच श्वासात, त्याच आवाजात, "आणि लग्नाला येणार आहेस की नाही?"

मिस्त्री तोंडाचा आ करून बघत राहिले. "असं विचारतात होय? एरवी तर किती मायेनं निरोप पाठवतेस."

"मी? मी कधी पाठवला मायेचा निरोप?"

"मी तापानं पडलो तेव्हा रोज चौकशी करत नव्हतीस?"

"तू तापानं पडला होतास?" बाईंचा आवाज एकदम उतरला. मग त्यांना काहीतरी आठवलं. "आणि तू? माझ्या हाताला आईचं वळण आहे म्हणाला होतास ना?"

मिस्त्रींनी मान हलवली. नाही.

मग दोघांनीही एकदमच मान वळवली, आणि दारात गाडीशी उभ्या असलेल्या काकांकडे बघितलं.

"मी जरा गोड करून सांगत होतो," काका म्हणाले.

"जरा?" मिस्त्री कडाडले. "अहो, म्हणजे इतकी वर्षं मी हिच्याशी भांडतोय की तुमच्याशी?"

"भांडतोय कुठे, दादा," बाई म्हणाल्या, "गोडगोड बोलत होतो आपण. ह्यांच्या तोंडानं!"

दादा हा शब्द तोंडातून निसटला हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. दोघांनी मिळून काकांना जे फैलावर घेतलं ते विचारू नका. एक दमला की दुसऱ्यानं सुरू करायचं. लबाड म्हणाले, आगाऊ म्हणाले, आमच्या नावावर बोलायचा तुम्हाला अधिकार कोणी दिला म्हणाले. तो प्रश्न बरोबर होता. पण इतक्या वर्षांनी ती दोघं एका बाजूला उभी होती, खांद्याला खांदा लावून.

त्यानंतर कारखान्याचं रूपच पालटलं. बाई खिडकीतून ओरडत, "टोकं घास रे नीट!" आणि मिस्त्री अंगणातून ओरडत, "तू आधी चष्मा पूस!" शिव्या पूर्वीच्याच, पण आता त्या थेट पोचत आणि कामही थेट होई. हाताखालची माणसंही ये-जा करू लागली. रेडिओ तर जेवणाच्या सुट्टीत लोखंडाच्या शेडमध्येच दिसे. तिला नवं गिऱ्हाईक मिळालं होतं.

काका गाडी ढकलत. सांगाडे भरले की कोणी म्हणे, "चला." उतरवून झाले की कोणी म्हणे, "झालं." बाकी काही नाही. पूर्वी अंगण कधी संपलं कळत नसे. आता ते संपता संपत नव्हतं. आपण केलं ते चांगलंच केलं, हे त्यांना कळत होतं. पण कळून काय उपयोग, फार एकटं वाटत होतं. संध्याकाळच्या बसमध्ये त्यांच्या मनात येई, आता काम सोडावं आणि मुलाकडे जावं. मुलानं मात्र या म्हटलं नव्हतं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी ते गाडीच्या चाकाला वंगण लावत बसले होते. अंगणातून बाई आल्या, आणि त्यांच्या मागून मिस्त्री. दोघं येतानाही कशावरून तरी वाद घालत होते. काका उठून उभे राहिले. आता आणखी काय बोलणी खायची आहेत कोण जाणे, असं त्यांच्या मनात आलं.

"राग गेला नाहीये अजून," बाई म्हणाल्या. "पण लग्नाला यायचं."

"बरं," काका म्हणाले. "कोणाला सांगू?"

"अहो, कोणाला सांगताय?" मिस्त्री म्हणाले. "तुम्हाला! तुम्हाला बोलवायला आलोय आम्ही दोघं."

काकांनी हात फडक्याला पुसले, मग परत पुसले.

"आणि एकटे नका येऊ," बाई म्हणाल्या. "वहिनींना घेऊन या. इतकी वर्षं झाली, कधी भेट नाही की काही नाही. त्यांना म्हणावं, मी आग्रहानं बोलावलंय. यात गोड काही करू नका, माझेच शब्द आहेत."

"सांगतो," काका म्हणाले.

तोंडाला सवयच ती. शब्द निघून गेला आणि काका तिथेच थांबले. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. मिस्त्रीही.

"नाही हो, बाई," काका म्हणाले. "हा नाही पोचायचा. ती गेली."

"गेली म्हणजे? कुठे?"

"वारली. दोन वर्षं झाली. आपली सुट्टी होती ना, तेव्हा."

सुट्टीनंतरचा तो पहिला दिवस दोघांनाही आठवला असावा, कारण बाईंनी भावाकडे पाहिलं आणि भावानं खाली बघितलं.

"आम्हाला सांगितलं का नाहीत?" बाईंनी अगदी हळू विचारलं.

"राहून गेलं."

बाई वंगणाची पर्वा न करता गाडीच्या काठावर बसल्या. मिस्त्रींनी एक मोकळी पेटी ओढली, काकांना खांद्याला धरून तिच्यावर बसवलं आणि स्वतः समोर फरशीवरच बसले. उजवीकडच्या शेडमधून कोणीतरी हाक मारली, "बाई, कापड संपलं!" बाईंनी मान न वळवता हातानंच थांब म्हणून खुणावलं.

"सांगा आता," त्या म्हणाल्या.

काकांनी एकदा बाईंकडे आणि एकदा त्यांच्या भावाकडे पाहिलं. दोघंही त्यांच्याचकडे बघत होते.

"साधा ताप होता," ते म्हणाले. "मला वाटलं, उतरेल."